सांधा कुठे नांदणार आहे?

यवतमाळ जिल्ह्यातला वेल्डिंगचा धंदा लोखंडावर वाढला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा साटा, वखराची पास, विहिरीवरची जाळी, शेडच्या कैच्या, वणीच्या पट्ट्यात उकणी-जुनाडच्या कोळसा खाणींतून माल उचलणाऱ्या टिप्परांच्या बॉड्या, हे सारे काम पोलादाचे. साध्या लोखंडाला ६०१३ची काडी घेतली की बहुतेक वेळा भागते. काडी कोणती हा प्रश्न मनात येतच नाही, प्रश्न असतो तो हाताचा. हात चांगला असेल तर सांधा चांगला. या सवयीत तयार झालेल्या दुकानांपुढे आता ॲल्युमिनियम वाढत्या प्रमाणात येते आहे. पूर्वी तांब्या-पितळेचे असणारे ट्रॅक्टरचे रेडिएटर आता ॲल्युमिनियमचे असतात. मोटारसायकलच्या इंजिनाचे चेंबर, गिअरबॉक्सचे कवच, स्लायडिंग खिडक्यांच्या सेक्शन, दुकानांचे दरवाजे, शिड्या, फुटलेले कान आणि तुटलेले ब्रॅकेट, सगळ्यांसाठी गिऱ्हाईक एकच वाक्य बोलते: ‘आर्गन मारून द्या.’ सांध्यात भरायची तार कोणती, हे कोणी विचारत नाही. दुकानात जी असते ती वापरली जाते.

माझे म्हणणे असे की ॲल्युमिनियमच्या बाबतीत हा न विचारलेला प्रश्नच सर्वांत महागात पडतो. तार निवडताना धातूशी तिचे साम्य बघणे पुरेसे नाही, आणि तिची ताकद बघणेही पुरेसे नाही. तो सांधा पुढे कुठे नांदणार आहे, किती तापणार आहे, त्याला रंग-पॉलिश व्हायचे आहे का, त्यावर ओढ येणार की नुसते वजन, यावरून तार ठरायला हवी. ही माहिती वेल्डरपेक्षा गिऱ्हाइकाकडे अधिक असते. म्हणून हा विषय दुकानाच्या आतला असला तरी तो फक्त कारागिरांचा नाही.

ॲल्युमिनियमच्या ज्या अडचणी सर्वश्रुत आहेत, त्यांचा तारेशी फारसा संबंध नाही. हा धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पातळ पापुद्रा वितळायला दोन हजार अंशांच्या वर तापमान लागते. त्यामुळे वरची साय तशीच राहते आणि आतला धातू पाण्यासारखा ढासळतो. शिवाय उष्णता साध्या पोलादाच्या कितीतरी पट वेगाने पसरते, म्हणून सुरुवातीला वितळता वितळत नाही आणि शेवटी एकदम भोक पडते. यासाठीच ॲल्युमिनियमची टिग वेल्डिंग, म्हणजे गिऱ्हाइकाचे ‘आर्गन’, एसी करंटवर करतात. करंटची दिशा उलटते तेव्हा ऑक्साइड फुटतो आणि आर्गन वायू तो परत बनू देत नाही. हे सगळे वेल्डर शिकतो, कारण इथे चूक झाली तर ती समोरच दिसते. तार चुकली तर मात्र त्या दिवशी काहीच दिसत नाही. वेल्डचा मणी सुरेख पडतो, गिऱ्हाईक पैसे देऊन जाते, आणि सांधा आठवड्याने किंवा दोन उन्हाळ्यांनी सुटतो. दिसणाऱ्या चुकांवर हाताने मात करता येते, न दिसणाऱ्या चुकांवर ज्ञानानेच करावी लागते.

या न दिसणाऱ्या चुकांपैकी पहिली म्हणजे गरम असतानाच पडणारा तडा. द्रवाचे घन होताना ॲल्युमिनियम सुमारे सहा टक्के आकसते, आणि तापल्यावर प्रसरण पावण्याचे त्याचे प्रमाण पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आहे. वितळलेला डोह थिजू लागतो तेव्हा आधी धातूचे कण तयार होतात आणि त्यांच्या मधल्या फटींत शेवटचा द्रव पातळ पडद्यासारखा उरतो. त्याच क्षणी दोन्ही बाजूंचा धातू आकसत असतो आणि सांध्याला ओढत असतो. फटीतला द्रव भरपूर असेल तर तो वाहून जाऊन ती ओढ भरून काढतो. द्रव जवळपास नसेलच, म्हणजे धातू अगदी शुद्ध असेल, तर सगळे एकाच तापमानाला थिजते आणि फट फारशी राहत नाही. वाईट स्थिती मधली असते: फट आहे, पण भरायला द्रव अपुरा आहे. ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन अर्धा ते एक टक्का असेल तेव्हा, मॅग्नेशियम एक-दोन टक्के असेल तेव्हा, किंवा दोन्ही मिळून होणारे मॅग्नेशियम सिलिसाइड एक टक्क्याच्या आसपास असेल तेव्हा हा तडा सर्वांत सहज पडतो.

आता खिडक्या-दरवाज्यांच्या सेक्शन आणि बांधकामाच्या पट्ट्या ज्या मिश्रधातूंच्या असतात ते पाहा. ६०६३ आणि ६०६१ हे दोन्ही नेमके याच धोक्याच्या पट्ट्यात बसतात. भारतीय मानकांच्या जुन्या क्रमांकांत त्यांना ६३४०० आणि ६५०३२ म्हणतात आणि व्यापाऱ्यांच्या याद्यांत आजही ते आकडे भेटतात. म्हणजे ‘त्याच जातीची तार सर्वांत चांगली’ हा जो लोखंडावरून आलेला सरळ विचार आहे, तो इथे पूर्ण उलटा पडतो. त्याच सेक्शनची पातळ पट्टी कापून ती भरण म्हणून वापरली, किंवा तार न घालता दोन कडा नुसत्या वितळवून जोडल्या, तर वेल्डर आपल्या हाताने सांधा तड्याच्या शिखरावर नेऊन ठेवतो. बाहेरून घातलेल्या तारेचे खरे काम फट भरणे एवढेच नसते. डोहातल्या धातूची घडण बदलून त्याला त्या शिखरापासून दूर नेणे हे तिचे काम असते.

यातूनच एक जुने कोडेही सुटते. कधी कधी तार अगदी बरोबर असते आणि तरी मण्याच्या मधोमध लांब रेघ उमटते. कारण बहुधा असे की कडा घट्ट भिडवून, खाच न काढता, थोडीशीच तार घालून काम उरकलेले असते. मग डोहात तार कमी आणि मूळ धातू जास्त, म्हणजे घडण पुन्हा धोक्याच्या पट्ट्यात. कडांना उतार देऊन खाच काढली की तारेला जागा मिळते, मिश्रणात तिचा वाटा वाढतो आणि तडा टळतो. तारेचा क्रमांक आणि खाचेचा आकार हे दोन वेगळे निर्णय नाहीत. एकच निर्णय दोन ठिकाणी घ्यायचा असतो.

बाजारात मिळणाऱ्या तारांच्या क्रमांकांना घाबरण्याचे कारण नाही. पहिला अंक मुख्य मिसळ सांगतो: १ म्हणजे जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियम, २ म्हणजे तांबे, ३ मँगनीज, ४ सिलिकॉन, ५ मॅग्नेशियम, ६ म्हणजे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन दोन्ही, ७ जस्त. वेल्डिंगच्या दुकानाशी खरा संबंध दोन तारांचा. ४०४३ मध्ये सुमारे पाच टक्के सिलिकॉन असते आणि ५३५६ मध्ये सुमारे पाच टक्के मॅग्नेशियम. ४०४३ पातळ वाहते, कडांना छान ओली करते, मणी चकचकीत पडतो आणि तड्याला ती उत्तम उतारा आहे. ५३५६ ताकदीची आहे, चिवट आहे, मिग मशिनच्या नळीतून न मुडपता सरकते, पण मण्याच्या बाजूला काजळी धरते. गिऱ्हाईक चकाकी बघून कामाची पारख करते, म्हणून अनेक ठिकाणी ४०४३ला झुकते माप मिळते. उलट, ज्याला ताकदीचा आकडा माहीत आहे तो ५३५६ला सर्वश्रेष्ठ मानून तीच सगळीकडे चालवतो. दोघांचीही चूक एकच आहे. तारेला स्वतःचा असा दर्जा नसतो. काम समोर आल्याशिवाय चांगली तार आणि वाईट तार असे म्हणता येत नाही.

याचा सर्वांत ठळक पुरावा उष्णतेचा आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तो विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. ॲल्युमिनियममध्ये मॅग्नेशियम साधारण तीन टक्क्यांपेक्षा जास्त असेल आणि तो भाग दीर्घकाळ ६५ अंश सेल्सिअसच्या वर राहत असेल, तर विरघळलेले मॅग्नेशियम हळूहळू बाहेर पडते आणि धातूच्या कणांच्या सीमांवर ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या संयुगाची साखळी तयार करते. हे संयुग बाजूच्या धातूपेक्षा लवकर गंजते. ओलावा आणि ताण दोन्ही मिळाले की गंज या साखळीवरून आत शिरतो आणि सांधा वरून धडधाकट दिसत असतानाच आतून उकलत जातो. हा केवळ पुस्तकी धोका नाही. अमेरिकी नौदलाच्या तिकोंडेरोगा वर्गाच्या क्रूझर जहाजांची वरची बांधणी ५४५६ या मॅग्नेशियमयुक्त ॲल्युमिनियमची होती. वर्षानुवर्षे उन्हात तापून आणि समुद्राच्या हवेत राहून तिच्यात मोठ्या प्रमाणावर तडे गेले आणि दुरुस्तीवर प्रचंड खर्च झाला. तिथे दोष पत्र्याचा होता, तारेचा नव्हता, पण घडामोड तीच. पाच टक्के मॅग्नेशियमची तार वापरून केलेला सांधाही याच नियमाखाली येतो.

ट्रॅक्टरच्या रेडिएटरमधले पाणी काम चालू असताना ८०-९० अंशांच्या घरात असते. टर्बो इंजिनांच्या इंटरकूलरमध्ये शिरणारी हवा त्याहूनही गरम असते. इंजिनाचे चेंबर, सायलेन्सरजवळचे ब्रॅकेट, तेलाची टाकी, ही सगळी ६५ अंशांच्या पलीकडे नांदणारी माणसे आहेत. इथे ५३५६ वापरणे चूकच, मग ती कितीही ताकदीची असो. इथे ४०४३ हवी. रेडिएटरच्या नळ्या-टाक्यांसाठी ११ ते १३ टक्के सिलिकॉनची ४०४७ त्याहून सोयीची, कारण ती ५८० अंशांच्या आसपास वितळते, झटकन वाहते आणि पातळ पत्र्याला कमी ताप देऊन भोक बुजवते. हे रेडिएटर कारखान्यात मुळी सिलिकॉनयुक्त थर वितळवूनच जोडलेले असतात, म्हणजे सिलिकॉनची तार तिथे घरचीच आहे. उरतो प्रश्न उन्हाचा. मे महिन्यात यवतमाळ, वणी, पांढरकवडा इकडे हवेचाच पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि उन्हात पडलेल्या धातूचा पृष्ठभाग हवेपेक्षा बराच जास्त तापतो. गडद रंगाचा, वारा न लागणारा पत्रा दुपारभर ६५ अंशांच्या जवळ राहू शकतो. एखाद्या शिडीला किंवा कठड्याला यामुळे लगेच धोका आहे असे मी म्हणणार नाही, कारण रात्री तो थंड होतो आणि विदर्भाची उन्हाळी हवा कोरडी असते. पण थंड देशांसाठी लिहिलेल्या तक्त्यांत ‘उघड्यावरचे साधे काम’ म्हणून जे सोडून दिलेले असते, ते आपल्याकडे तितके साधे राहत नाही.

मग कोणी म्हणेल, सगळीकडे ४०४३ वापरा, वादच मिटला. तो मिटत नाही. कोनात बसवलेल्या सांध्यात, म्हणजे एका पट्टीवर दुसरी उभी ठेवून बाजूने मणी ओढतो तिथे, सगळी ओढ मण्यावर येते. अशा ठिकाणी ५३५६चा मणी कापला जाण्याला ४०४३पेक्षा सुमारे दीडपट विरोध करतो. माणूस चढणार ती शिडी, वाहनाची पायरी, मालाचा कॅरिअर, गेटची बिजागरी यांत हा फरक खरा आहे. मात्र दोन पट्ट्या टोकाला टोक लावून जोडल्या असतील तर गणित बदलते. ६०६१च्या टणक केलेल्या पट्टीला वेल्डिंगचा ताप लागला की मण्याच्या शेजारचा भाग मऊ पडतो आणि मूळची मोठी ताकद गमावून बसतो. तिथे सांधा तुटला तर तो बहुधा मण्याच्या बाजूला तुटतो आणि तार अधिक ताकदीची घेऊन त्या मऊ भागाला काहीच मिळत नाही. ‘वेल्ड पक्का होता, बाजूचा पत्रा तुटला’ असे कौतुकाने सांगितले जाते, पण ॲल्युमिनियममध्ये ते कौतुक नाही, ती तापाची खूण आहे. त्यावर उपाय तारेत नाही. सांध्याची जागा बदलणे, तिथला भाग जाड ठेवणे आणि ताप कमी देणे हेच उपाय आहेत.

४०४३ सगळीकडे चालत नाही याचे दुसरे कारण खुद्द मूळ धातू. टँकर, टिप्परची हलकी बॉडी, होडी यांसाठी वापरतात त्या ५०८३सारख्या पत्र्यात मॅग्नेशियम चार टक्क्यांच्या वर असते. त्यावर सिलिकॉनची तार चालवली तर डोहात दोघे मिळून मॅग्नेशियम सिलिसाइडचे ठिसूळ जाळे विणतात. मणी दिसतो सुंदर आणि वाकवला की काचेसारखा जातो. मूळ पत्र्यात मॅग्नेशियम अडीच टक्क्यांच्या पलीकडे असेल तर ४०४३ टाळावी, ५३५६ किंवा ५१८३ घ्यावी. हीच गोष्ट उलट बाजूनेही खरी आहे. इंजिनाचे चेंबर, गिअरबॉक्स यांसारख्या साच्यात ओतलेल्या भागांत सिलिकॉन पाच ते बारा टक्के असते. त्यावर ५३५६ चालवली की तेच ठिसूळ जाळे तयार होते. ओतीव मालाला सिलिकॉनचीच तार हवी. शिवाय अशा मालात वर्षांचे तेल मुरलेले असते आणि दाबाने ओतलेल्या भागांत वायूही कोंडलेला असतो. तापवल्यावर तो फसफसून वर येतो, मण्याला मधमाश्यांच्या पोळ्याचे रूप येते. अशा वेळी दोष तारेवर ढकलला जातो, पण तो बहुतेकदा साफसफाईचा किंवा ओतकामाचा असतो.

खिडक्यांच्या सेक्शनबाबत एक वेगळाच निकष चालतो, आणि तो पाळला नाही तर परिणाम गिऱ्हाइकाला डोळ्यांनीच दिसतो. सेक्शनवर ॲनोडायझिंग करायचे असेल तर सिलिकॉनच्या तारेचा मणी त्या रसायनात करडा-काळा पडतो. चंदेरी चौकटीच्या कोपऱ्यावर काळा डाग कायमचा राहतो, घासून जात नाही. ५३५६चा मणी मूळ रंगाशी बऱ्यापैकी जुळतो. वर पावडर कोटिंगच होणार असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही. एवढी एक गोष्ट आधी विचारली तर काम परत करण्याची वेळ टळते.

आता सर्वांत रास्त आक्षेप. गावातल्या दुकानात आलेल्या तुकड्यावर क्रमांक लिहिलेला नसतो. भंगारातून आलेली प्लेट, कुठल्याशा यंत्राचा तुटलेला हात, यांची जात कशी ओळखायची? आक्षेप खरा आहे, पण अंधार वाटतो तितका दाट नाही. वस्तूचा आकारच बरेच सांगतो. एकसारख्या छेदाची लांब नळी किंवा पट्टी असेल तर ती बहुधा ६००० मालिकेची. खडबडीत, जाडीत फरक असलेला, कोपरे गोल, अंगावर उठावाचे आकडे असलेला भाग ओतीव. घरातले जर्मनचे गंज, पातेली शुद्ध किंवा मँगनीजयुक्त. लपेटलेली मऊ पत्र्याची कामे १००० किंवा ३००० मालिकेची. शंका असेल तर घासून साफ केलेल्या जागी कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा थेंब ठेवतात. तांबे असलेला मिश्रधातू काळा पडतो, भरपूर सिलिकॉन असलेला करडा, बाकीचे बऱ्यापैकी उजळ राहतात. सोडा कातडी आणि डोळे जाळतो आणि या क्रियेत हायड्रोजन सुटतो, म्हणून हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच, शेवटी जागा धुऊनही काढायला हवी. काळा डाग आला तर मात्र थांबावे. २०२४ किंवा ७०७५ यांसारखे तांबे-जस्ताचे टणक मिश्रधातू विमानांसाठी घडवले गेले आणि ते नेहमीच्या वेल्डिंगला दाद देत नाहीत. त्यांना कोणतीही तार वाचवत नाही, तिथे बोल्ट किंवा रिव्हेटच बरे. आणि कामाचे मोल मोठे असेल, एकाच मालाचे पुष्कळ नग असतील, तर नागपूरला अमरावती रोडवर वाडीला जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन, विकास व आरेखन केंद्र आहे. केंद्रीय खाण मंत्रालयाच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८९मध्ये उभी राहिलेली ही संस्था ॲल्युमिनियमसाठीच आहे. धातूची घडण तपासून घेण्यासाठी विदर्भाला मुंबई-पुण्याकडे बघण्याची गरज नाही.

‘इतकी वर्षे एकाच तारेवर चालले, काही बिघडले नाही’ हे उत्तर मी हलके समजत नाही. त्यात अनुभव आहे. खिडकीच्या कोपऱ्यावर, पाटीच्या चौकटीवर ओढ इतकी कमी असते की चुकीची तारही निभावून जाते. पण त्यातून तार योग्य होती हे सिद्ध होत नाही, काम सोपे होते एवढेच सिद्ध होते. शिवाय तुटलेली वस्तू त्याच दुकानात परत येतेच असे नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे जाते किंवा नवा भाग घेते, आणि पहिल्या कारागिराला कळतच नाही. आणि काम जसजसे अवघड होत जाणार तसतसा हा हिशेब बदलणार. ॲल्युमिनियम वाहनांत आणि वाहतुकीत शिरते आहे. ६ मार्च २०२२ रोजी सुरू झालेल्या पुणे मेट्रोचे डबे ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचे आहेत. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भुवनेश्वरहून ॲल्युमिनियमच्या वाघिणींची देशातली पहिली मालगाडी रवाना झाली, आणि ती कोळसा वाहण्यासाठीच आहे. या वाघिणींच्या वरच्या बांधणीत वेल्डिंग नाही, सारे लॉकबोल्टने जोडलेले आहे. ‘मग वेल्डिंग करताच कशाला’ असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने हा भक्कम दाखला आहे, आणि जिथे जागा व बनावट परवानगी देते तिथे मी त्यांच्याशी सहमत आहे. मऊ पडणारा पट्टा नको असेल तर बोल्ट प्रामाणिक उपाय आहे. पण रेडिएटरचे भोक किंवा चेंबरचा तडा बोल्टने बुजत नाही. दुरुस्तीच्या जगात वेल्डिंग टळत नाही.

दोन-तीन प्रकारच्या तारा ठेवल्या तर माल पडून राहतो, हाही आक्षेप असतो. टिगच्या सरळ काड्या किलोच्या हिशेबाने मिळतात. ४०४३ आणि ५३५६ थोड्या थोड्या ठेवल्या, रेडिएटरचे काम असेल तर ४०४७ जोडली, की जिल्ह्यातल्या दुकानात येणारे बहुतेक ॲल्युमिनियम त्यात बसते. खरा धोका आहे तो दोन्ही काड्या एकाच डब्यात मिसळण्याचा, कारण डोळ्यांनी त्या ओळखू येत नाहीत. टोकावर उठवलेला क्रमांक असलेले टोक आधी वितळवू नये, शेवटपर्यंत तेच हातात राहावे. ही छोटी शिस्त महागड्या मशिनपेक्षा जास्त कामाची आहे.

स्वस्ताच्या शोधात आणखी एक काडी बाजारात आली आहे. छोट्या गॅस टॉर्चने ॲल्युमिनियम जोडून दाखवणाऱ्या व्हिडिओंतली ती चमत्कारी काडी बहुतेकदा जस्ताची असते आणि चारशे अंशांच्या आतच वितळते. ही वेल्डिंग नाही, झाळणे आहे. बादलीच्या कानाला ती चालेल. पण गरम राहणाऱ्या भागावर ती ढिली पडते, ओलाव्यात जस्त आणि ॲल्युमिनियम यांच्यात गंज सुरू होतो, आणि नंतर तीच वस्तू आर्गनवर नेली तर मुरलेल्या जस्ताची वाफ होऊन मणी बसत नाही. ज्या भागाची पुढे नीट दुरुस्ती व्हावी असे वाटते त्याला ही काडी लावूच नये. प्रेशर कुकरला तर कोणतीच काडी लावू नये. दाबाखाली तापणाऱ्या, वारंवार गार-गरम होणाऱ्या पातळ भांड्यातल्या सांध्याची हमी स्वयंपाकघरात कोणी देऊ शकत नाही.

तार बरोबर निवडूनही ती पावसाळ्यात वाया जाते. वितळलेले ॲल्युमिनियम घन ॲल्युमिनियमच्या सुमारे वीसपट हायड्रोजन सामावून घेते. थिजताना तो बाहेर पडू बघतो आणि अडकला की मण्यात बुडबुडे राहतात. हा हायड्रोजन येतो ओलाव्यातून, तेलातून, घामाच्या हातातून आणि तारेवर साचलेल्या दमट ऑक्साइडमधून. जून ते सप्टेंबर उघड्या मांडणीवर पडलेली काडी म्हणजे बुडबुड्यांचा साठा. काड्या बंद नळीत, कोरड्या जागी ठेवाव्यात. वापरण्याआधी ॲसिटोनने पुसाव्यात. कामाची जागा आधी तेलमुक्त करावी आणि नंतरच फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेल्या स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने घासावी. हा क्रम उलटला तर ब्रश तेल धातूत रगडतो. लोखंडावर फिरलेला ब्रश इथे आणला तर लोखंडाचे कण मण्यात जातात.

आणि गिऱ्हाइकाने काय करावे? काम देताना वस्तू कुठे बसणार, किती तापणार, तिला ॲनोडायझिंग व्हायचे का, ती आधी कुठे जोडली होती का, एवढे सांगावे. घेताना बिलावर तारेचा क्रमांक लिहून मागावा. शेवटची माहिती सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी आहे. कारण जुना मणी ४०४३चा असेल आणि त्यावर दुसऱ्या दुकानात ५३५६ चढवली, तर सिलिकॉन आणि मॅग्नेशियम पुन्हा एकत्र येतात आणि दोन्ही कारागिरांनी आपापल्या जागी बरोबर काम करूनही सांधा ठिसूळ होतो. जुना मणी कशाचा हे माहीत नसेल तर तो पूर्ण कापून, स्वच्छ धातूपर्यंत जाऊनच नवा घालावा लागतो. बिलावर चार आकडे लिहिलेले असतील तर ही तासाभराची ग्राइंडिंग वाचते.